पणजोबांचा माग काढताना : नाशिक जिल्ह्यातली घरची आणि सरकारी दप्तरं कशी धुंडाळावीत

बहुतेक घरांत वंशावळ असते. जात पडताळणीच्या वेळी कुणीतरी प्रतिज्ञापत्रासोबत ती तयार केलेली असते. सगळ्यात वर मूळ पुरुष, खाली त्याची मुलं, त्यांची मुलं, आणि शेवटी अर्जदार. बायकांची नावं जवळजवळ नसतात आणि सालं तर नसतातच. पणजोबा कुठे जन्मले, कशाने गेले, जमीन कशी आली आणि कुणाच्या हातात गेली, गाव का सोडलं, यातलं काहीही त्या कागदावरून कळत नाही.

ते कळण्याची सोय मात्र आहे. नाशिक जिल्ह्यात तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख कार्यालयं, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा आणि रामकुंडावरच्या उपाध्यायांची घरं इथे साध्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, मजुराच्या आयुष्याचे तुकडे नोंदवून ठेवलेले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जुन्या रजिस्टरात नावाचा रकाना सगळे वाचतात. आयुष्य बहुतेक वेळा उजवीकडच्या शेवटच्या अरुंद रकान्यात असतं, ज्याच्यावर ‘शेरा’ लिहिलेलं असतं. तो वाचायची सवय लावून घ्या.

एकच माणूस धरा

‘घराण्याचा इतिहास काढायचाय’ म्हणून सुरुवात केली की महिन्याभरात दम सुटतो. एक माणूस निवडा आणि त्याच्याबद्दल एकच प्रश्न ठरवा. पणजोबा सिन्नर तालुक्यातून नाशिकला कधी आणि का आले? आजीचं माहेर कोणतं? घराण्यातल्या कुणाला तरी स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाला म्हणतात, तो कोण? प्रश्न ठरला की कोणती कचेरी लागणार ते आपोआप ठरतं.

शोध नेहमी जवळून लांब न्यायचा. स्वतःपासून वडील, वडिलांपासून आजोबा, आणि प्रत्येक पायरीवर ‘हा याचा मुलगा’ असं सांगणारा निदान एक कागद हातात हवा. मधली पायरी गाळून थेट पेशवाईत उडी मारणाऱ्यांना आडनावाचा कुणीतरी सरदार सापडतोच. तो आपला असतोच असं नाही.

आधी घर झडून काढा

ट्रंक, माळा, देवघर, जुन्या फोटोंच्या चौकटींची मागची बाजू, आजीच्या पेटीतली पुडकी. शेतसाऱ्याच्या पावत्या, रेशनकार्ड, घरपट्टीची बिलं, सोसायटीचं पासबुक, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, जन्मपत्रिका, गहाणखतं, कोर्टाच्या नोटिसा, नोकरीचे आदेश : काहीही फेकू नका. पोस्टकार्डावर मजकुरापेक्षा पोस्टाचा शिक्का कामाचा ठरतो, कारण त्यावर गाव आणि तारीख दोन्ही असतं. जन्मपत्रिकेत शके, तिथी आणि जन्मगाव मिळतं. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी होत असल्याने ते गाव पुष्कळदा पणजीच्या माहेरचं निघतं.

नाशिककरांकडे आणखी एक दप्तर असतं आणि ते कागदाचं नसतं. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव आहे आणि भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडे रीत आहे. माळ्यावरचे हंडे, घंगाळी, पराती, ताटं खाली काढा, चिंच लावून घासा आणि तिरप्या उजेडात धरा. काठाजवळ टोच्याने ठोकलेली अक्षरं दिसतील. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशानिमित्त दिलं आणि बऱ्याचदा शके किंवा तारीखही. लग्नात मामाकडून आलेल्या हंड्यावर मामाचं नाव आणि गाव असेल, तर पणजीचं माहेर तिथेच सापडलं. सरकारी कागदांत बायकांचा माग सगळ्यात लवकर तुटतो, म्हणून भांड्यांवरचं प्रत्येक अक्षर वहीत उतरवून घ्या. मोडीत घालायच्या आधी निदान फोटो तरी काढाच.

देवघरातले टाकही बघा. पूर्वजांचे टाक कुणाचे, कुलदैवत कोणतं आणि कोणत्या गावचं, हे विचारून घ्या. मूळ गाव विसरलेल्या घरांना कुलदैवताकडून आणि त्या भागातल्या आपल्या आडनावाच्या वस्तीकडून दिशा मिळते.

वडीलधाऱ्यांना साल विचारू नका

‘आजोबा कुठल्या साली गेले?’ या प्रश्नाला ‘लई वर्षं झाली’ एवढंच उत्तर येतं. प्रश्न घटनेला बांधून विचारा. १९७२ च्या दुष्काळात ते होते का? खडी फोडायला कोण जात होतं? १९६९ च्या गोदावरीच्या महापुरावेळी घर कुठे होतं? तुमच्या लग्नाआधी गेले की नंतर? नाशिककडच्या माणसाला सिंहस्थ पक्के आठवतात : १९५६, १९६८, १९८०, १९९१, २००३. ‘ते गेले तेव्हा सिंहस्थाची गर्दी होती’ असं एखाद्या आत्याने सांगितलं, तर रजिस्टरातली पन्नास वर्षांची शोधाशोध दोन-तीन वर्षांवर येते.

आत्या आणि मावश्यांना आधी गाठा. सोयरिकी कुणाशी, कुठे, कशा जमल्या हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. दुसरं लग्न, टाकून दिलेली बायको, वाटणीचं भांडण असे विषय निघतात. तिथे घाई करू नका. माणूस स्वतःहून बोलेल तेवढंच घ्या.

मूळ गावी जायच्या आधी भाऊबंदांना फोन करून आपण कशासाठी येतोय ते स्पष्ट सांगा. शहरात गेलेला माणूस अचानक सातबारा मागायला लागला की गावात पहिला विचार येतो, हिस्सा मागायला आला. तो संशय एकदा बसला की जुन्या पेट्या उघडत नाहीत.

गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होतं?

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग चुकीच्या कचेरीत खेटे घालतात. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी आजच्या जिल्ह्याचा मोठा भाग अहमदनगरच्या कलेक्टराखाली होता आणि मालेगाव, नांदगाव, बागलाण हा भाग खानदेशात होता. म्हणजे १८५० च्या सुमारास निफाडच्या पाटलाने केलेला अर्ज ‘नाशिक’ नावाच्या दप्तरात शोधून मिळणार नाही, नगरच्या दप्तरात पाहावा लागेल. सुरगाणा हे संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे तालुके तर अलीकडचे. तिथल्या गावांचं जुनं दप्तर पूर्वीच्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असू शकतं.

शहरातही तसंच. महानगरपालिका १९८२ ची. तिच्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर इथला कारभार वेगवेगळ्या नगरपालिकांकडे होता. देवळाली कॅम्पचं कॅन्टोन्मेंट निराळंच. धरणात गेलेल्या गावांचं दप्तर जुन्या गावाच्या नावाने मागावं लागतं.

१८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव नसेल, पण त्या काळी गाव कोणत्या तालुक्यात होतं, तिथे काय पिकत होतं, दुष्काळ कधी पडले, रेल्वे कधी आली ते आहे. पुढची कागदपत्रं समजायला त्याचा फार उपयोग होतो.

जन्म आणि मृत्यू : कोतवाल बुक

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्यानंतरची नोंद ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत मिळते. त्याआधी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या महसुली दप्तरातल्या चौदा क्रमांकाच्या रजिस्टरात होत असे. लोक त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. ही रजिस्टरं साधारणपणे तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. मराठा-कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा यातली पुष्कळ पानं तपासली गेली, स्कॅनही झाली. तेव्हा आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपलं गाव आहे का ते पाहा. तुमचा प्रश्न जातीच्या दाखल्याचा नसला तरी पान तेच आहे.

कोतवाल बुकात जन्माची नोंद शोधताना मुलाचं नाव शोधू नका. नोंद बारशाच्या आधीची असते, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच पुष्कळदा असतं. म्हणून खापरपणजोबांचं नाव हाताशी असल्याशिवाय पणजोबांचा जन्म सापडत नाही. अंदाजे सालाच्या मागेपुढे पाच-पाच वर्षं बघा आणि त्या बापाच्या नावाने पडलेल्या सगळ्या नोंदी उतरवा. घरात कधीच उल्लेख न झालेली, लहानपणी दगावलेली भावंडं इथेच भेटतात.

मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं. वयावर फार विसंबू नका. पन्नास, साठ, सत्तर असे गोल आकडे कोतवालाने अंदाजाने सांगितलेले असतात. कारणाच्या रकान्यात ‘ताप’ फार वेळा दिसेल. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत एका गावात तापाने मेलेल्यांची रांग लागलेली दिसली, तर ती इन्फ्लुएन्झाची साथ आहे. एकाच घरातली तीन माणसं पंधरवड्यात गेलेली दिसली की त्यानंतर उरलेल्यांनी गाव का सोडलं, पोर मामाकडे का वाढलं, याचा उलगडा व्हायला लागतो.

अर्ज साधा असतो. नकलेसाठी कोर्ट फी स्टॅम्प लावून गावाचं नाव, नमुना क्रमांक आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढं नेमकं लिहा. उत्तर लेखी घ्या आणि नीट वाचा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ म्हणजे ते रजिस्टरच नाही. ‘नोंद आढळून येत नाही’ म्हणजे रजिस्टर पाहिलं, नोंद मिळाली नाही. पहिलं उत्तर असेल तर दुसरा मार्ग धरायचा. दुसरं असेल तर सालं वाढवून किंवा आजोळच्या गावी पुन्हा शोधायचं. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत.

शाळेचं जनरल रजिस्टर

हे कोतवाल बुकाइतकंच मोलाचं आणि मिळायला त्याहून सोपं, कारण शाळेला ते कायम जपावं लागतं. जिल्हा परिषदा १९६२ च्या. त्याआधीची गावची मराठी शाळा लोकल बोर्डाची असेल, पण रजिस्टर बहुधा त्याच शाळेच्या कपाटात पुढे चालत आलेलं असतं. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर केंद्रप्रमुखांना विचारा. शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या मुलांसाठी नाशिक एज्युकेशन सोसायटी, १९१४ पासूनची मराठा विद्या प्रसारक अशा जुन्या संस्थांच्या शाळा पाहाव्या लागतील.

जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे आणि मास्तर १ जून टाकून मोकळे होत. साल मात्र साधारण जवळपासचं असतं. जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण हे रकाने बारकाईने वाचा. ‘घरकामास’, ‘परगावी गेला’, ‘सतत गैरहजर’ अशा दोन-दोन शब्दांच्या शेऱ्यांत मोठी गोष्ट दडलेली असते. तिसरीतलं पोर ज्या महिन्यात ‘परगावी गेला’, त्याच्या आधीच्या सहा महिन्यांचं कोतवाल बुक उघडा. बापाच्या मृत्यूची नोंद तिथे सापडण्याची शक्यता फार मोठी असते.

जमीन : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जमीन होती, कूळ म्हणून कसली, गहाण टाकली किंवा गमावली, काहीही झालं असलं तरी त्याचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, झालेला असतो. माझं मत विचाराल तर शंभर वर्षांतल्या ग्रामीण माणसाचं चरित्र सगळ्यात दाट भरलेलं असतं ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. खातेदारांच्या नावांजवळ फेरफारांचे क्रमांक असतात. त्यातला सगळ्यात जुना क्रमांक घेऊन तो फेरफार काढा. त्यात त्याआधीच्या मालकाचं नाव मिळेल. मग हाताने लिहिलेला जुना सातबारा घ्या. त्यावर ज्या नावांना कंस केलेला दिसेल ती नावं कमी झालेली आहेत आणि कमी का झाली ते शेजारच्या क्रमांकाच्या फेरफारात आहे. त्याहून मागे जायचं तर कडईपत्रक (सातबाऱ्याच्या आधीचा जमिनीचा उतारा), हक्क नोंदणीचं जुनं पत्रक आणि भूमी अभिलेख कार्यालयातला आकारबंद (जमिनीचं क्षेत्र आणि सारा दाखवणारा तक्ता) मागा. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्यातले पुष्कळ जुने सातबारे, फेरफार आणि कडईपत्रकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. तालुका, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर टाकून घरबसल्या नक्कल काढता येते. तिथे नसेल ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये.

अडखळायला होतं ते नंबरांपाशी. विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९४० चं पान शोधाल तर भलत्याच माणसाची जमीन हाती येईल. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३) चा उतारा घ्या. त्यात कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते असतं.

एक फेरफार कसा वाचायचा ते नमुन्यादाखल पाहू. नावं अर्थातच कल्पित आहेत.

‘खातेदार सखाराम धोंडी हे ता. १४-८-१९६१ रोजी मयत. वारस : विधवा भागीरथी कोम सखाराम. मुलगे १) नामदेव, वय ३४, २) किसन, वय १७, अ.पा.क. आई भागीरथी. मुलगी ठकूबाई भ्र. रामचंद्र, रा. ता. सिन्नर. मुलीने हक्क नको असा जबाब दिला. सबब नामदेव व किसन यांची नावे दाखल.’

कोम म्हणजे अमक्याची बायको. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एवढ्या ओळींतून सखारामच्या मृत्यूची नेमकी तारीख मिळाली, बायकोचं नाव मिळालं, लेकीचं सासर मिळालं. आता वयं पाहा. नामदेव आणि किसन यांच्यात सतरा वर्षांचं अंतर आहे. मधे ठकूबाई असेल, पण तेवढ्याने सतरा वर्षं भरत नाहीत. एक तर मधली मुलं गेली, नाही तर नामदेवची आई वेगळी आणि भागीरथी ही दुसरी बायको. आता १९२७ ते १९४४ या सालांचं कोतवाल बुक काढायचं, सखारामच्या नावावरचे जन्म आणि त्याच्या घरातले मृत्यू दोन्ही पाहायचे. म्हणजे एका फेरफाराने पुढच्या शोधाला नेमकी सालं दिली.

लेकींबद्दल एक लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याआधीच्या वारस नोंदींत मुलगे असतील तर मुलींची नावं सहसा येत नाहीत, म्हणून ‘त्यांना मुली नव्हत्या’ असा निष्कर्ष काढू नका. १९५६ नंतर मुली वारसांत दिसू लागतात आणि पाठोपाठ भावांसाठी वाटा सोडल्याचे हक्कसोडही दिसतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल तर त्यात लेकीचं पूर्ण नाव, वय, गाव आणि साक्षीदार असतात. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. ते बहुधा मामा, मेहुणे, शेजारी असतात.

सातबाऱ्यातल्या बाराच्या भागावर सहसा कुणी नजर टाकत नाही. पीकपाहणीत दरवर्षी काय पेरलं, पाणी कशाचं होतं, किती पड ठेवलं ते असतं. इतकी वर्षं नुसती बाजरी आणि मग एका वर्षी गहू, पुढे ऊस दिसू लागला की विहीर झाली समजा. मग ‘इतर हक्क’ बघा. त्या सुमारास तगाईचा (सरकारी शेतीकर्जाचा) किंवा सोसायटीचा बोजा चढलेला असेल. कर्ज काढून विहीर खणलेला माणूस असा समोर उभा राहतो. त्याच रकान्यात ‘नजरगहाण’ (ताबा न देता केलेलं गहाण), ‘मुदत खरेदी’ (मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, अशा अटीची विक्री) आणि एखाद्या सावकाराचं नाव दिसलं, तर जमीन कशी गेली त्याचा धागा तिथे आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरच्या, म्हणजे कसणाऱ्या कुळांना मालक मानल्यानंतरच्या, कूळकायद्याच्या नोंदीही तपासा. पणजोबा कूळ होते की जमीनमालक, हे घरच्या गोष्टींत कधी कधी उलटं सांगितलं जातं.

वतन किंवा इनाम असेल तर दुमाला जमिनींचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना ३, आणि त्याहून मागे पुण्याचं पुराभिलेखागार. पेशवे दप्तर तिथे आहे. पण गावाचं जुनं नाव, परगणा आणि वतनदाराचं नाव हाती असल्याशिवाय तिकडे जाऊ नका. हजारो रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, नुसत्या आडनावाने काही सापडत नाही.

शहरातलं घर

पणजोबा जुन्या नाशकात, पंचवटीत किंवा भद्रकालीत राहिले असतील तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका घ्यायची, नगर भूमापन कार्यालयातून. तिच्याबरोबर त्या सिटी सर्व्हे नंबरची चौकशी नोंदवही अवश्य मागा. घर मुळात कुणाचं, कोणत्या हक्काने आलं, त्या वेळी कोणता कागद दाखवला, हे चौकशी अधिकाऱ्याने तिथे लिहिलेलं असतं. पत्रिका एका ओळीत जे उरकते त्याचा सगळा पाया नोंदवहीत असतो. भाडेकरू असतील तर घरपट्टीची आकारणी यादी आणि जुन्या मतदार याद्या पाहा.

जनगणनेत एकेका माणसाची माहिती मिळेल या आशेवर राहू नका. ती कायद्याने गोपनीय असते.

रामकुंडावरच्या वह्या

अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला नाशिकला आलेल्या माणसाची नोंद क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत होते. हीच रीत त्र्यंबकेश्वरलाही आहे. एकेका उपाध्याय घराण्याकडे ठरावीक गावं आणि आडनावं परंपरेने असतात. म्हणून रामकुंडावर जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगून ‘आमचे उपाध्ये कोण?’ असं विचारायचं. मूळ गावच सांगता आलं पाहिजे, सध्याचा पत्ता नव्हे.

सकाळी दशक्रिया चालू असताना जाऊ नका, पितृपक्षात आणि अमावास्येला तर नकोच. दुपारनंतर निवांत वेळी जा. या वह्या त्या घरांची खासगी ठेव आहेत. फोटो काढायची परवानगी मागा, दक्षिणा द्या, आणि आपली आजची नोंदही नीट सविस्तर लिहा, घरातल्या बायकांच्या नावांसकट.

नोंदीत कोण आलं, बरोबर कोण होतं, कुणासाठी आले आणि कधी, हे मिळतं. श्राद्धात आईकडच्या पिढ्यांचाही उच्चार होत असल्याने आजी-पणजींची नावं आणि आजोळ इथे मिळण्याची आशा सरकारी कागदापेक्षा जास्त. एखाद्या पानावर पणजोबांच्या स्वतःच्या हातची सही असते. अंगठ्याच्या निशाण्यांच्या घरात ती सही पाहून पुष्कळांना गलबलून येतं.

बाकीची दारं, थोडक्यात

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, इगतपुरीला रेल्वेत किंवा सैन्यात नोकरी असेल तर सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद हा पहिला धागा. सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. स्वातंत्र्यलढ्यात किंवा १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात भाग घेतल्याचं घरात सांगत असतील तर अटकेचं साल आणि तुरुंग शोधा. १९७२ चा ताम्रपट किंवा पेन्शन मिळाली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात त्या अर्जाची फाईल असू शकते आणि त्यात माणसाने स्वतःची हकीकत स्वतः लिहिलेली असते.

ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं हा फार भक्कम आधार आहे. शरणपूरची वस्ती १८५४ ची. आफ्रिकेतून गुलामगिरीतून सोडवून आणलेली मुलंही तिथे शिकली. मुस्लिम घरांनी काझींकडची निकाहाची रजिस्टरं पाहावीत. पुष्कळ जातींत भाटांकडे पिढ्यांच्या वह्या असतात. ते गावात कधी येतात ते पोलीस पाटलांना विचारा. जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांसाठी आणि कुलवृत्तान्तांसाठी १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच.

मोडी आणि सालं

स्वातंत्र्याच्या आगेमागेपर्यंतचे कागद मोडीत असू शकतात. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण स्वतःच्या घराण्यातली नावं, गावाचं नाव आणि अंक एवढं तरी मोडीत वाचायला शिका. पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात. ‘रामजी बिन सखाराम’ म्हणजे सखारामचा मुलगा रामजी. वलद हाही तोच अर्थ. ‘मौजे’च्या पुढे गाव येतं, ‘परगणे’च्या पुढे त्या वेळचा महाल, म्हणजे महसुली विभाग. आडनाव नसेल तर घाबरू नका. बापाचं नाव आणि गाव यांवरच माणूस ओळखायची तेव्हा पद्धत होती.

शके सालात ७८ मिळवा, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १८५७ वैशाख म्हणजे १९३५ आणि शके १८५७ माघ म्हणजे १९३६ चा आरंभ. फसली म्हणजे जुन्या महसुली सनात ढोबळमानाने ५९० मिळवा, अरबी म्हणजे शुहूर सनात ५९९. शुहूर सन शब्दांत लिहिलेला असतो. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, १२१८, अर्थात १८१७-१८.

जुळणी

एका गावात एकाच काळी तीन ‘तुकाराम सखाराम’ असतात. नाव जुळलं म्हणून माणूस आपला धरू नका. नाव, बापाचं नाव, गाव, सर्व्हे नंबर, बायकोचं नाव यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि त्याही एकमेकींवरून न उतरवलेल्या दोन कागदांत. जात पडताळणीची वंशावळ आणि तिच्यावरून केलेला दाखला हे दोन पुरावे नव्हेत, एकच.

एक मोठा कागद घेऊन सालवार मांडणी करा. डावीकडे साल, मधे काय घडलं, उजवीकडे कोणत्या दप्तरातून : कचेरी, गाव, नमुना, पान, नोंद क्रमांक. जिथे दहा वर्षं कोरी दिसतील तिथे आधी गॅझेटियर आणि त्या काळची साथ, दुष्काळ पाहा, मग शेजारच्या तालुक्यात शोधा. घरची सांगी आणि कागद यांच्यात मेळ बसला नाही तर दोन्ही लिहून ठेवा. आजीने सांगितलेलं कागदावर नाही म्हणून पुसून टाकू नका. तारीख कागदाची घ्यावी, पण भाऊ-भाऊ वेगळे का झाले ते आजीलाच ठाऊक असतं.

मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. घड्या उलगडून, मधे बटर पेपर घालून, ओल नसलेल्या जागी सपाट ठेवा. प्रत्येकाचा उजेडात फोटो काढा आणि फाईलच्या नावात साल, गाव, नमुना घाला. तयार झालेल्या टिपणाच्या चार-पाच प्रती काढा. एक गावाकडच्या भाऊबंदांना द्या, आणि निदान एक तरी सासरी गेलेल्या आत्याच्या किंवा बहिणीच्या घरी.